नत्र राखायचं असेल तर कॅरेट की बोकाशी?

घरचा ओला कचरा घरातच जिरवायचा हे ज्यांचं नक्की झालंय आणि आता फक्त पद्धत ठरायची आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. नाशिकमध्ये माझ्या ओळखीच्या घरांत बहुधा दोनच पर्यायांवर घोडं अडलेलं असतं. पहिला हवेशीर ढिगाचा: टोमॅटोचं जाळीदार कॅरेट, भोकं पाडलेला ड्रम किंवा एकावर एक रचलेली मडकी. भांडं कुठलंही असो, तत्त्व एकच. दुसरा बोकाशीचा: घट्ट झाकणाची, बुडाशी तोटी असलेली बादली, जिच्यात कचरा हवा लागू न देता आंबवतात. दोन्ही मी काही वर्षं वापरलंय. जागा, किंमत, चिलटं, माशा यांवर सगळीकडे भरपूर बोललं जातं, त्यामुळे त्यात शिरत नाही. माझा प्रश्न वेगळा होता. मेथीच्या काड्या, उरलेली डाळ, चहाचा चोथा यांतून जेवढं नत्र (नायट्रोजन) मी डब्यात टाकतो, त्यातलं माझ्या कढीपत्त्यापर्यंत पोचतं किती?

हा प्रश्न नत्राच्याच बाबतीत पडतो. स्फुरद (फॉस्फरस) उडून जात नाही. पालाश (पोटॅश) पाण्याबरोबर झिरपतं, पण ते पाणी धरून झाडांना घातलं की हिशेब पुरा होतो. नत्राला मात्र निसटायला हवेची वाट मोकळी असते.

चार माणसांच्या घरात रोज किलोभर ओला कचरा निघतो असं धरू. त्यात तीन चतुर्थांशाहून जास्त पाणीच. उरलेल्या दोनशे-सव्वादोनशे ग्रॅम कोरड्या भागात नत्र दोन-अडीच टक्के धरलं तर दिवसाला पाच ग्रॅम, महिन्याला दीडशे ग्रॅम झालं. गॅलरीतल्या पंधरा-वीस कुंड्यांना एवढं नत्र पुरून उरावं. हवेशीर पद्धतीने कचरा कुजवण्याचे जे प्रयोग झाले आहेत, त्यांत सुरुवातीच्या नत्रापैकी 20 टक्क्यांपासून 60 टक्क्यांपर्यंत, कधी त्याहूनही जास्त, घट आढळली आहे. एवढी तफावत कशामुळे पडते हे लक्षात आलं की निवड निम्मी झालीच म्हणून समजा.

नत्र जातं ते मुख्यतः अमोनियाच्या रूपाने. प्रथिनं कुजली की अमोनियम तयार होतं. ते ओलाव्यात विरघळलेलं आहे तोवर आपलं, त्याचा वायू झाला की गेलं. विरघळलेलं किती आणि वायुरूप किती, हे सामू (पीएच) ठरवतो: 7 च्या खाली आम्ल, वर क्षार. 25 अंश तापमानाला सामू 7 असेल तर शंभर भागांतला जेमतेम अर्धा भाग वायुरूपात असतो. सामू 8 झाला की पाच भाग, 9 झाला की छत्तीसच्या आसपास. ढीग तापला की हे आकडे आणखी वर सरकतात. आणि सामू 4 असेल तर? दहा लाखांत पाच-सहा भाग, म्हणजे जवळजवळ काहीच नाही.

हवेशीर ढीग पहिले काही दिवस आंबट असतो. मग जिवाणू ती आम्लं खाऊन टाकतात, प्रथिनं फुटू लागतात आणि सामू 8 च्या वर जातो. नेमका त्याच सुमारास ढीग सर्वांत गरम असतो, आणि हवा लागावी म्हणून आपण तो वरखाली करतो ते याच दिवसांत. क्षारता, उष्णता आणि वारा, तिन्ही एकाच वेळी जमून येतात. बोकाशीच्या बादलीत सामू 4 च्या आसपास उतरतो आणि तिथेच टिकतो. हवा जवळपास नसते, उष्णता तयार होत नाही.

इथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण अनेक जण प्रयोगशाळेचा अहवाल दाखवून म्हणतात की आमच्या कंपोस्टमध्ये नत्र चांगलं निघालं. अहवालात टक्केवारी असते. कुजताना कर्बही (कार्बन) कार्बन डायऑक्साइड होऊन जातो आणि कोरडं वजन निम्म्यावर येऊ शकतं. समजा एक किलो कोरड्या मालात अडीच टक्के, म्हणजे 25 ग्रॅम नत्र होतं. शेवटी अर्धा किलो खत उरलं आणि त्यात तीन टक्के नत्र आलं, म्हणजे 15 ग्रॅम. टक्केवारी वाढली, पण दहा ग्रॅम नत्र, म्हणजे 40 टक्के, हवेत गेलं. खत नियंत्रण आदेशात शहरी कंपोस्टला किमान 0.8 टक्के आणि गांडूळखताला किमान 1 टक्का नत्राची अट आहे. घरचं खत ती अट आरामात ओलांडेल. आपण घातलेल्यातलं किती उरलं, हे त्या आकड्यावरून कळत नाही.

कॅरेटची बाजू

कॅरेटबद्दल माझ्या मनात आदरच आहे. शेवटी हाताला जे लागतं ते तयार खत असतं: भुसभुशीत, मातकट वासाचं, त्याच दिवशी कुंडीत घालता येणारं. बादलीतून असं काही निघत नाही. शिवाय नत्र राखण्याची युक्ती कॅरेटमध्येही आहेच. कर्ब पुरेसा मिळाला तर जिवाणू अमोनियम स्वतःच्या शरीरात बांधून घेतात आणि ते वायू व्हायच्या आत अडकतं. कर्ब-नत्राचं गुणोत्तर 25 ते 30 च्या दरम्यान ठेवा, असं म्हणतात ते यासाठीच. स्वयंपाकघरातला मिश्र कचरा पंधरा-वीसच्या आसपास असतो, मेथी-कोथिंबिरीच्या काड्या त्याहून खाली. वाळलेला पाला पन्नासच्या पुढे, लाकडाचा भुसा दोनशेच्याही पुढे. कागदावर गणित सोपं आहे: ओल्या कचऱ्याइतका किंवा त्याच्या दुप्पट आकारमानाचा सुका पाला घाला.

तो सुका माल बारा महिने आणायचा कुठून, हे मात्र कागदावर नसतं.

नाशिकमध्ये फाल्गुनात पाला मागाल तेवढा मिळतो. गंगापूर रोड, कॉलेज रोडच्या जुन्या झाडांखाली पिंपळ, बदाम, रेन ट्री यांचा सडा पडलेला असतो. सफाई कर्मचाऱ्यांना सांगून ठेवलं तर ते आनंदाने पोती भरून देतात, त्यांचाही भार हलका होतो. पण पाला हलका असला तरी जागा फार खातो. फ्लॅटमध्ये वर्षभराचा साठा ठेवणं बहुतेकांना शक्य नाही. आषाढ लागला की उरलेली पोती दमट होतात, आत बुरशी धरते, आणि त्याच महिन्यांत बाजारात पालेभाज्या भरपूर येतात, म्हणजे डब्यात नत्र वाढतं आणि कर्ब आटतो.

पर्याय मी पाहिले. वखारीतला भुसा वर्षभर मिळतो, मात्र तो साध्या लाकडाचाच हवा, प्लायवूडचा नको, त्यात गोंद असतो. पण भुशात कर्ब असला तरी त्यातला बराचसा लिग्निनमध्ये, म्हणजे लाकडाला कडकपणा देणाऱ्या घटकात, अडकलेला. जिवाणूंना तो लवकर पचत नाही, आणि नत्र मात्र आठवड्याभरात मोकळं होतं. त्यामुळे गुणोत्तर तीस जुळवूनही वास येतो तो येतोच. कोकोपीटचं तेच. ओलावा छान धरतं, अमोनिया थोडाफार शोषतं, पण जिवाणूंचं अन्न म्हणून ते कमीच पडतं. रसवंतीवरची उसाची चिपाडं मला यात सर्वांत उजवी वाटली. त्यांत थोडी साखर उरलेली असते, ती लगेच कामाला येते. पण ती बारीक तोडावी लागतात, मुंग्या लागतात, आणि ज्या पावसाळ्यात सुक्या मालाची खरी गरज, तेव्हा बहुतेक रसवंत्या बंद असतात. पुठ्ठा फाडून घातला तर चालतो. चिकटपट्ट्या काढायचा कंटाळा नसेल तर तो वाईट नाही.

कॅरेटवरच राहणार असाल तर तीन गोष्टी सांगतो. एक, राख आणि चुना त्यात टाकू नका. वासावर आणि माशांवर राख टाका हा सल्ला घरोघरी मिळतो. त्याने माशा कमी होतही असतील, पण राख सामू वर ढकलते आणि अमोनिया झपाट्याने सुटतो. होळीची राख झाडांना द्यायचीच असेल तर वेगळी द्या, चिमूट-दोन चिमूट. आपली काळी माती आधीच क्षाराकडे झुकलेली असते. दोन, मुरलेल्या खताचा तीन-चार बोटं जाडीचा थर कायम सर्वांत वर ठेवा. सुटणारा अमोनिया बराचसा त्यात अडकतो. तीन, शेतकरी शेणखताच्या खड्ड्यात सिंगल सुपर फॉस्फेट हे स्फुरदाचं खत टाकतात, तसं मूठभर कॅरेटमध्ये टाकलं तर अमोनिया धरला जातो. याला रासायनिक म्हणून कुणाची ना असेल तर समजू शकतो. आणि रोज ढवळू नका. ढवळल्याने कुजणं वेगात होतं हे खरं, पण दर वेळी जी वाफ वर येते तिच्यात पाण्याबरोबर नत्रही असतं.

नाकाला झोंबणारी गोष्ट

माझ्यापुरता निर्णय या सगळ्या हिशेबाने झाला नाही. तो झाला वासाने.

कुजका वास म्हणत नाही. कुजका वास आला तर हवा कमी पडतेय हे कळतं आणि उपाय करता येतो. हा वास नाकात शिरताच टोचतो, डोळ्यांच्या कडा चुरचुरतात. पावसाळ्यात बाहेर सर पडत असते, गॅलरीच्या खिडक्या लावलेल्या, दोरीवर अर्धवट वाळलेले कपडे, आणि कॅरेट हलवलं की तो झोत वर येतो. शेजारच्या काकू अत्यंत सज्जन बाई, कधी तक्रार करणार नाहीत. पण त्यांनी एकदा हळूच विचारलं, "अहो, तुमच्या गॅलरीत रात्री मांजर येतं का हो?" मांजराच्या मुताचा वास आणि हा वास एकच, कारण दोन्हीकडे वायू तोच. मी त्यांना खरं काय ते सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि स्वयंपाकघराची खिडकी ओढून घेतली. ती खिडकी पुढचे बरेच दिवस बंदच राहिली. माझ्या झाडांच्या हौसेपायी शेजारच्या बाईंनी उकाड्यात स्वयंपाक करावा, हे मला बरं वाटेना.

वास हा नुसता वास नसतो, ते माझं नत्र जात असतं, हे तोवर वाचून माहीत होतं. डोळ्यांनी पाहिलं ते हळदीने. हळदीत चुना घातला की कुंकवासारखा लाल रंग येतो हे आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे. अमोनियाही क्षारच. जुन्या पांढऱ्या सुती कापडाच्या पट्ट्या हळदीच्या पाण्यात बुडवून सावलीत वाळवायच्या. वापरताना पट्टी किंचित ओली करून झाकणाला आतून चिकटवायची. पाला भरपूर असलेल्या दिवसांत पट्टी पिवळीच राहायची, फार तर कडेने तांबूस व्हायची. पाला संपून भुशावर दिवस काढताना, ढवळून झाकण ठेवलं की चहा होईस्तोवर पट्टी विटकरी लाल व्हायची. बाहेर काढून वाऱ्यावर टांगली की अमोनिया उडून पुन्हा पिवळी. हे मोजमाप नव्हे, किती ग्रॅम गेलं ते यातून कळत नाही. पण दोन डबे शेजारी ठेवून दोन पट्ट्या बघितल्या की डोळ्यांपुढे जे दिसतं, त्याने माझ्यासारख्याचं समाधान होतं. बोकाशीच्या बादलीत लावलेली पट्टी लाल झालेली मला आजवर दिसलेली नाही.

बोकाशीची बाजू

जपानी शेतकऱ्यांची ही जुनी रीत. सध्याच्या बादलीच्या रूपात ती पसरली ती ओकिनावातल्या र्युक्यू विद्यापीठाचे तेरुओ हिगा यांनी 1980 च्या सुमारास पुढे आणलेल्या ईएम (इफेक्टिव्ह मायक्रोऑर्गॅनिझम्स, म्हणजे उपयुक्त सूक्ष्मजीव) विरजणामुळे. गव्हाच्या कोंड्यावर लॅक्टिक आम्ल बनवणारे जिवाणू आणि यीस्ट वाढवलेले असतात. कचऱ्याचा थर, वर मूठभर कोंडा, दाबून हवा काढायची, झाकण घट्ट. भरली की दोन आठवडे तशीच ठेवायची. आत कचरा कुजत नाही, लोणच्यासारखा मुरतो. फोडी फोडीच राहतात, रंग उतरतो, आंबूस वास येतो. वर पांढरी बुरशी दिसली तर चांगलं, हिरवी-काळी दिसली तर हवा शिरलीय.

नत्राच्या दृष्टीने हे दोन आठवडे जवळजवळ बिनखर्चाचे असतात. प्रथिनं थोडी फुटतात, अमोनियम तयारही होतं, पण सामू 4 ला ते उडत नाही. जे जातं ते तोटीतून. दर दोन-तीन दिवसांनी काढायच्या त्या रसात विरघळलेलं नत्र आणि पालाश असतं. कलिंगडाच्या दिवसांत तो भरपूर निघतो. शंभर पट पाण्यात मिसळून मोठ्या झाडांच्या बुंध्याशी घाला, रोपांना नको, आणि साठवू नका. मोरीत ओतलात तर बोकाशीचा निम्मा फायदा तिथेच वाहून गेला म्हणायचा.

कोंडा घरी करता येतो. तांदळाचं धुवण दोन-तीन दिवस आंबवायचं, त्यात दूध घालायचं, चोथा वर येतो आणि खाली पिवळसर पाणी राहतं. ते गुळाच्या पाण्यात मिसळून गिरणीतून आणलेल्या कोंड्याला चोळायचं आणि घट्ट डब्यात दोन आठवडे ठेवायचं. विकतच्या कोंड्याइतकंच हे चालतं असा माझा अनुभव, पण पहिली बादली विकतच्या कोंड्यावर लावावी, म्हणजे आंबूस वास कसा हवा ते नाकाला कळतं.

आता अडचणी. बादली भरली की दहा-पंधरा किलोचं ओझं होतं, आणि मुरल्यावरही वजन फारसं उतरत नाही. कर्ब गेलेला नसतो, तर वजन जाणार कुठे? ते उचलून मातीपर्यंत न्यावं लागतं. डिसेंबर-जानेवारीत नाशिकची थंडी पडली की मुरणं रेंगाळतं. त्या दिवसांत बादली गॅलरीत न ठेवता ओट्याखाली ठेवायची. आणि सगळ्यांत मोठी अट म्हणजे माती हवी. बादलीतून निघतं ते खत नव्हे, खताचा कच्चा माल. मातीत पुरल्याशिवाय त्याचं काम पूर्ण होत नाही.

माझी जुनी कॅरेटं इथे कामाला आली. आतून पोतं लावायचं, तळाला माती, मग मुरलेला कचरा मातीत कालवून, आणि वर चार-पाच इंच मातीचा थर. माती म्हणजे निम्मी मखमलाबादकडून आणलेली काळी आणि निम्मं जुनं खत. नुसती काळी घेतली तर ती घट्ट बसते आणि भेगाळते. पण काळी हवीच, कारण तिच्यातल्या चिकणमातीच्या कणांवर ऋणभार असतो आणि अमोनियमवर धनभार. ते तिथे धरून ठेवलं जातं. पुढे मातीतले जिवाणू त्याचं नायट्रेट करतात आणि मुळं ते उचलतात. नत्र सांभाळायचं जे काम बादलीत आम्ल करत होतं, ते इथे माती करते.

इथेही सगळं आलबेल नसतं. मातीचा थर पातळ असला तर हळदीची पट्टी कडेने लाल होते. चार-पाच इंच म्हणतो ते त्यासाठीच. आणि नायट्रेट पाण्याबरोबर सहज वाहून जातं, माती त्याला धरत नाही. त्यामुळे श्रावणात उघड्या वाफ्यात पुरण्यापेक्षा पत्र्याखालच्या कॅरेटमध्ये पुरलेलं बरं. पुरल्यावर दोन-तीन आठवडे तिथे काही लावायचं नाही. सुरुवातीचा आंबटपणा मुळांना सोसत नाही. उन्हाळ्यात तीन आठवड्यांनी माती उकरली की आंब्याच्या कोयी आणि अंड्यांची टरफलं सोडून ओळखू येण्यासारखं फारसं काही उरलेलं नसतं.

गांडूळखताचं काय, हे विचारलं जातंच. थंड राहणारी पद्धत असल्याने नत्राची गळती तापलेल्या ढिगापेक्षा कमी असू शकते, आणि खत उत्तम होतं. पण 35 अंशांच्या वर गांडुळं तग धरत नाहीत आणि आपल्याकडे एप्रिलमध्ये पारा चाळिशीला टेकतो. तळमजला, झाडांची सावली, ओलं पोतं अशी सोय असेल तर जरूर करा. पश्चिमेच्या गॅलरीत मी सुचवणार नाही. कांद्याची सालं आणि लिंबाच्या फोडीही त्यांना मानवत नाहीत, आणि कांद्याशिवाय नाशिकचं स्वयंपाकघर नाही. ज्यांच्याकडे झाडंच नाहीत, त्यांनी ओलं-सुकं नीट वेगळं करून घंटागाडीत द्यावं. त्यात कमीपणा काहीच नाही.

पैशांचं गणित प्रामाणिकपणे मांडतो. युरियाच्या 45 किलोच्या गोणीत 46 टक्के नत्र असतं आणि अनुदानामुळे ती साधारण 266 रुपयांना मिळते. म्हणजे महिन्याच्या दीडशे ग्रॅम नत्राची किंमत दोन रुपये. मग त्यासाठी बादल्या, कोंडा, माती वाहणं कशाला? माझं उत्तर असं की ते दोन रुपये अनुदानाचे आहेत, नत्राचे नव्हेत. हवेतलं नत्र बांधून युरिया करायला नैसर्गिक वायू जाळावा लागतो. जे नत्र कुणाच्या तरी शेतातून मेथीच्या जुडीबरोबर माझ्या ओट्यावर बांधून आलेलंच आहे, ते गॅलरीतून उडवून द्यायचं आणि झाडं पिवळी पडली की पुडी विकत आणायची, हे माझ्या मनाला पटत नाही. अमोनिया हवेत जाऊन संपतही नाही. तो पुन्हा जमिनीवर उतरतो, आणि नत्राच्या फेऱ्यात मातीतून थोडा नायट्रस ऑक्साइडही सुटतो. शंभर वर्षांच्या हिशेबाने हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या 273 पट उष्णता धरतो. घरगुती पातळीवर हे अगदी थोडं आहे, मान्य. तरी माझ्या हातात तेवढंच आहे, म्हणून मला ते महत्त्वाचं वाटतं.

तेव्हा तुमच्याकडे बंगला असेल, मागे दोन-तीन मोठी झाडं आणि पाल्याची पोती ठेवायला कोरडी जागा असेल, तर कॅरेट किंवा ड्रम बिनदिक्कत घ्या. पाला भरपूर असेल तर नत्र फारसं जात नाही, खत थेट हातात येतं, आणि पाठीलाही त्रास कमी. गुडघेदुखी असलेल्यांना किंवा एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांना मी तेच सांगेन. बादली उचलणं हे हसण्यावारी न्यायचं काम नाही.

पण इंदिरानगर, सिडको, पाथर्डी फाटा इथल्या फ्लॅटमध्ये राहत असाल, गॅलरी शेजारच्यांच्या खिडकीला लागून असेल आणि सुक्या मालासाठी दर महिन्याला कुणाला तरी गाठावं लागत असेल, तर माझा कल बोकाशीकडे आहे. मातीची दोन कॅरेटं ठेवण्याइतकी जागा मात्र असलीच पाहिजे. ती नसेल तर सोसायटीच्या आवारातला एखादा वाफा मागून घ्या. माझ्याकडे आता कचरा आधी बादलीत जातो आणि मग मातीत. उरलेलं एक साधं कॅरेट पाल्याच्या मोसमात चालवतो, कारण कुंडी भरताना तयार भुसभुशीत खत लागतंच. कढीपत्ता या व्यवस्थेत गडद हिरवा झाला. त्यात बोकाशीचा वाटा किती आणि मी मोठी कुंडी दिली त्याचा किती, हे वेगळं करून सांगता येणार नाही.

घेणार असाल तर बादल्या दोन घ्या. एक भरत असताना दुसरी मुरत राहिली पाहिजे, नाहीतर दोन आठवड्यांचा कचरा ठेवायचा कुठे ही पंचाईत होते. सुरुवात शक्यतो होळीच्या आसपास करा, तेव्हा थंडी ओसरलेली असते आणि पाला मिळत असल्याने मातीच्या कॅरेटच्या तळाला त्याचा थर देता येतो. आणि दुकानातून आणलेल्या बादलीत पहिल्या दिवशी नुसतं पाणी भरून ती रात्रभर कोरड्या फरशीवर ठेवा. सकाळी तोटीखाली थेंबभर जरी ओल दिसली तरी बदलून घ्या. ज्या तोटीतून पाणी झिरपतं तिथून हवाही शिरते, आणि हवा शिरली की सामू वर चढायला वेळ लागत नाही.